व्हीएफएक्स टीम लीडचे काम : स्वतः शॉट न करता शॉट पूर्ण करवून घेणे

मुंबईत असो वा हैदराबाद-चेन्नईत, व्हीएफएक्स (चित्रपटातील दृश्य-परिणाम) स्टुडिओतील टीम लीडचे पद बहुतेक वेळा चांगल्या आर्टिस्टलाच मिळते. काही वर्षे शॉट वेळेवर आणि सफाईने दिले, अवघड करेक्शन आले की ते हमखास त्याच्याकडेच जाऊ लागले, की एके दिवशी त्याच्या हाती सहा-आठ जणांची टीम सोपवली जाते. खुर्ची तीच राहते, समोरच्या पडद्यावर न्यूक हे सॉफ्टवेअरही उघडेच असते; त्यामुळे काम बदलले आहे हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागतो. हे विवेचन कॉम्पोझिटिंग (कॉम्प), म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर जोडून एक दृश्य करणाऱ्या विभागाच्या लीडला समोर ठेवून केले आहे, कारण चित्रीकरणाची प्लेट (मूळ चित्रित दृश्य), रोटो (माणसा-वस्तूंच्या कडा आखून त्या वेगळ्या करणे), पेंट (नको ते पुसणे), मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात उतरवणे) आणि सीजी रेंडर (संगणकावर तयार केलेले चित्र) हे सारे शेवटी कॉम्पमध्येच एकत्र येते आणि आधीच्या प्रत्येक टप्प्यात राहिलेली कसर तेथेच उघडी पडते.

शॉट कसा दिसायला हवा हे सुपरवायझर ठरवतो आणि तो कधी जायला हवा हे प्रॉडक्शनचा कोऑर्डिनेटर पाहतो. तो कोणी करायचा, कोणत्या पद्धतीने करायचा आणि ठरला तसा तो खरोखर उतरला आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे लीडने द्यायची असतात. कोऑर्डिनेटरच्या तक्त्यात एखादा शॉट हिरवा दिसतो म्हणून तो झाला असे लीडने मानू नये.

कामाची सुरुवात अंदाजापासून होते. समजा, एका सीक्वेन्समध्ये ४० शॉट आहेत आणि बिडमध्ये, म्हणजे काम घेताना दिलेल्या अंदाजात, त्यांसाठी १२० मॅन-डे (एका माणसाचे एक दिवसाचे काम म्हणजे एक मॅन-डे) धरले आहेत. सरासरी काढली तर एका शॉटला तीन दिवस पडतात आणि सहा आर्टिस्ट असतील तर वीस दिवसांत काम संपायला हवे. प्रत्यक्षात मात्र तीन दिवसांचा एकही शॉट त्या सीक्वेन्समध्ये नसण्याचीच शक्यता अधिक. त्यांतले २५ शॉट वायर काढणे, खिडकीबाहेरचे दृश्य बदलणे अशा स्वरूपाचे, प्रत्येकी दीड दिवसाचे निघतात. उरलेले १५ पाऊस, धूर, मोकळे केस आणि हलता कॅमेरा असलेले, साडेपाच दिवसांचे असतात. म्हणून प्लेट हाती येताच लीडने प्रत्येक शॉट स्वतः चालवून पाहावा आणि अवघड-सोपे वेगळे करावेत. सोपे शॉट दोन नवख्यांकडे आणि अवघड शॉट चार अनुभवींकडे दिले, तर दोन्ही गट एकोणीस ते एकवीस दिवसांत मोकळे होतात; सरसकट सारखे वाटले, तर नवखा तिसऱ्या दिवशी केसांच्या कडांत अडकतो आणि आठवडा संपला तरी तेथेच असतो. या हिशेबात करेक्शनसाठी निदान पाचवा हिस्सा राखून ठेवावा. बिडमध्ये तो नसेल, तर सुपरवायझरला ते पहिल्याच आठवड्यात सांगावे. उशिरा सांगितलेली खरी अडचणसुद्धा ऐकणाऱ्याला सबबच वाटते.

वेळेचा दुसरा हिशेब रेंडरचा असतो. चार सेकंदांचा शॉट २४ फ्रेमच्या गतीने ९६ फ्रेमचा होतो. दोन्ही टोकांना आठ-आठ फ्रेमचे हँडल (संकलनासाठी ठेवलेल्या जादा फ्रेम) धरले की ११२. एका फ्रेमला अर्धा तास लागत असेल तर ते ५६ तासांचे काम झाले आणि फार्मवर (रेंडरसाठीच्या संगणकांच्या ताफ्यावर) दहा मशीन मिळाली तरी साडेपाच तासांहून अधिक वेळ जातो. संध्याकाळी सातला लावलेला रेंडर मध्यरात्रीनंतर संपेल आणि त्यात सीजीचा एखादा लेयर जुन्याच व्हर्जनचा राहिला असेल, तर ते सकाळी डेलीजमध्ये (रोजच्या शॉट-तपासणीच्या बैठकीत) सर्वांसमोर कळेल. पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम आधी काढून पाहिल्याशिवाय पूर्ण शॉट फार्मवर जाऊ नये, एवढा एकच नियम टीमला लावला तरी बराच त्रास वाचतो.

लीडचे खरे कौशल्य पाहण्यात आहे. शॉट प्रथम पूर्ण वेगाने, न थांबवता, चार-पाच वेळा चालवावा; प्रेक्षक तो तसाच पाहणार असतो आणि रोटोच्या कडेची थरथर थांबलेल्या फ्रेममध्ये अनेकदा दिसतच नाही. नंतर व्ह्यूअरचा गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) वर-खाली करून सीजीचे आणि प्लेटचे काळे भाग एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. डोळ्यांना सारखे वाटणारे दोन काळे रंग गॅमा वाढवताच वेगळे पडतात. लाल, हिरवा आणि निळा चॅनेल वेगवेगळा तपासावा. निळ्या चॅनेलमध्ये ग्रेन (चित्रातले बारीक कण) बहुधा अधिक जाड असतो आणि ग्रेन जुळवताना नेमका तोच दुर्लक्षित राहतो. सीजी वस्तूभोवती बारीक काळी कड दिसली, तर प्रीमल्टिप्लायची (चित्राचा रंग त्याच्या पारदर्शकतेने गुणण्याची) गफलत आहे का हे आधी पाहावे. आर्टिस्ट मात्र तासभर मॅट (वस्तूचा आकार कापणारा मुखवटा) आत-बाहेर करत बसलेला असतो. प्लेटला लेन्सचा बाक असेल आणि सीजीला तो दिला गेला नसेल, तर वस्तू मध्यभागी नीट बसते आणि चौकटीच्या कडेला सरकते. २४ फ्रेमला १८० अंशांच्या शटरने चित्रीकरण झाले असेल, तर एक फ्रेम १/४८ सेकंद उघडी असते. धावणाऱ्या माणसाच्या रोटोला तेवढा मोशन ब्लर (हालचालीने येणारा पुसटपणा) मिळाला नाही, तर तो कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. शेवटी शॉट त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या शॉटसोबत चालवून पाहावा. एकटा सुंदर दिसणारा शॉट शेजाऱ्यांत बसत नसेल, तर त्याला फायनल म्हणता येत नाही.

जे दिसले ते सांगता आले पाहिजे, आणि माझ्या मते बहुतेक लीड येथेच कमी पडतात. “कड नीट कर” किंवा “अजून मजा येत नाहीये” या सूचना नव्हेत. “फ्रेम १०२४ ते १०३६, डावा खांदा, कड एक पिक्सेल आत घे, रोटोला मोशन ब्लर लागलेला नाही” ही सूचना झाली. (मोजणी १००१ पासून सुरू करण्याची पद्धत अनेक स्टुडिओंत आहे, नवख्याला ती पहिल्याच दिवशी सांगावी, नाहीतर तो हजार फ्रेमचा शॉट शोधत बसतो.) एका वेळी पंधरा सूचना द्यायच्या असल्या, तरी कोणत्या तीन आधी करायच्या हे सांगावे, कारण पहिल्या तिन्हींमुळे शॉट बदलला की उरलेल्यांतल्या काही आपोआप गळून पडतात.

परदेशी क्लायंटच्या सूचना विशेषणांत येतात : शॉट ‘हेवी’ आहे, ब्लॅक ‘मिल्की’ (काळे भाग दुधट) आहेत. अशी सूचना लीडने जशीच्या तशी पुढे ढकलू नये. हेवी म्हणजे धूर दाट आहे, कॉन्ट्रास्ट जास्त आहे की वस्तूची गती संथ आहे, हे त्याने आधी ठरवावे आणि ठरत नसेल तर विचारावे. लॉस एंजेलिस आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा आणि हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असते. आपली सकाळ म्हणजे त्यांची आदल्या दिवशीची रात्र. त्यामुळे सकाळी वाचलेल्या सूचनेवरचा प्रश्न त्याच दिवशी गेला, तर उत्तर दुसऱ्या सकाळपर्यंत हाती येते, आणि अंदाजाने काम करून पाठवले, तर दोन दिवस जातात. इंग्रजीची भीड वाटून प्रश्न न विचारणारे उत्तम आर्टिस्ट मी पाहिले आहेत. त्यांच्या वतीने विचारणे हे लीडचेच काम आहे.

आता मोहाविषयी. अडलेला शॉट आर्टिस्टकडून काढून स्वतः करावा, असे प्रत्येक नव्या लीडला वाटते. मी पहिल्याच प्रोजेक्टमध्ये तसे केले. डिलिव्हरीच्या आदल्या रात्री धुराचा एक शॉट मी स्वतःकडे घेतला आणि पहाटे चारला पूर्णही केला. त्या सात तासांत तिघांचे शॉट माझ्या तपासणीसाठी पडून राहिले. त्यांपैकी दोघे जुन्याच प्लेटवर काम करत होते, हे मी एकदा चक्कर मारली असती तरी कळले असते. ज्याचा शॉट मी घेतला, तो पुढचा महिनाभर अडले की थेट माझ्याकडे सरकवू लागला. तेव्हापासून मी वीस मिनिटांची मर्यादा पाळतो : शेजारी बसून तेवढ्या वेळात वाट दाखवावी, माऊस त्याच्याच हातात राहू द्यावा, आणि तरीही जमले नाही तर शॉट दुसऱ्या आर्टिस्टकडे द्यावा.

माणसांचा विचार हा मऊपणा नव्हे, नियोजनाचाच भाग आहे. रात्री साडेबाराला रेंडर तपासायला कोणाला थांबवताना तो विरारला राहतो की डोंबिवलीला, आणि शेवटची लोकल चुकली तर घरी जाण्याची सोय कोण करणार, हे लीडला माहीत असले पाहिजे. सलग दोन आठवडे उशिरापर्यंत थांबलेल्या टीमच्या चुका तिसऱ्या आठवड्यात दिसू लागतात आणि त्या दुरुस्त करण्यात वाचवलेले तास निघून जातात.

या पदाची तयारी ते मिळण्याआधीच करता येते. मॅचमूव्ह आणि लाइटिंगवाल्यांशी त्यांच्या शब्दांत बोलता येईल इतके त्यांचे काम शिकावे, साध्या कॅमेऱ्याने लेन्स आणि उजेड समजून घ्यावा, तीच ती कामे टाळण्यापुरते पायथन लिहिता यावे. लीड झाल्यावर आठवड्यातून एक दिवस सकाळची तपासणी टीममधल्या अनुभवी आर्टिस्टकडे सोपवावी आणि आपण मागे बसून ऐकावे. त्याच्या नजरेतून काही सुटले, तर ते सर्वांसमोर न बोलता, शॉट पुढे जाण्याआधी त्याला एकट्याला दाखवावे.