फ्युएल सेलच्या कॅटॅलिस्टवर नव्याने काम करताय? आधी रेफरन्स इलेक्ट्रोड तपासा

कॅटॅलिस्ट बनवायला सहा महिने आणि मोजायला एक दुपार, असा नवख्यांचा हिशेब असतो. घात तिथेच होतो. मोजायचं असतं ते हे: फिरत्या डिस्कवर कॅटॅलिस्टचा थर देऊन आम्लात तो ऑक्सिजनचं पाणी किती वेगाने करतो. आणि डिस्कचं पोटेन्शियल ज्याच्या तुलनेत मोजतात, तो रेफरन्स इलेक्ट्रोड.

इंकचं, म्हणजे डिस्कवर टाकायच्या कॅटॅलिस्टच्या द्रावाचं, थोडक्यात. 20% प्लॅटिनम-कार्बनची 5 मिलिग्रॅम पूड, आधी पाणी, मगच आयसोप्रोपेनॉल. कोरड्या पुडीवर थेट अल्कोहोल ओतलंत तर ते खरोखर पेटतं. एकूण 5 मिलिलिटर, त्यात 5% नॅफिऑन (थर चिकटवणारा पॉलिमर) 20 मायक्रोलिटर, सोनिकेशन (ध्वनिलहरींनी ढवळणं) बर्फाच्या पाण्यात. 5 मिमीच्या डिस्कवर 10 मायक्रोलिटरचा थेंब टाकला की प्लॅटिनम साधारण 10 मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर बसतं. थर कडेला जाड नि मधे विरळ दिसला तर पुसा आणि पुन्हा टाका. सुरुवातीला सगळ्यांचेच थर बिघडतात, हात बसतो.

आता खरा सापळा. 0.1 मोलर परक्लोरिक आम्लात संपृक्त पोटॅशियम क्लोराइडवाला सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड सरळ बुडवू नका. झिरपलेला क्लोराइड प्लॅटिनमवर बसून ऑक्सिजनची जागा अडवतो. शिवाय पोटॅशियम आणि परक्लोरेट एकत्र आले की न विरघळणारे पांढरे कण फ्रिटच्या, म्हणजे इलेक्ट्रोडच्या टोकाच्या सच्छिद्र बुचाच्या, छिद्रांत साचतात. टोक उजेडात धरलं तर पांढरट कड दिसते. मग पोटेन्शियल हळूहळू सरकत राहतं, आणि आपण मात्र सीनियरच्या एक्सेलमधले 0.197 व्होल्ट (या इलेक्ट्रोडचं हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेतलं पोटेन्शियल) निमूटपणे मिळवत बसतो. असल्या वारशाने मिळालेल्या आकड्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. टाफेल स्लोप (करंट दहापट होण्यासाठी लागणारा पोटेन्शियलचा बदल) दशकाला, म्हणजे दर दहापटीला, 60 मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर 20 मिलिव्होल्टच्या चुकीने अ‍ॅक्टिव्हिटी दुप्पट किंवा निम्मी दिसते.

उपाय अवघड नाही. त्याच आम्लात स्वच्छ प्लॅटिनम इलेक्ट्रोड घ्या, फ्यूम हुडमध्ये अर्धा तास हायड्रोजन सोडा, सेकंदाला 1 मिलिव्होल्टने स्कॅन करा. जाताना आणि येताना करंट जिथे शून्य ओलांडतो, त्या दोन बिंदूंची सरासरी म्हणजे हायड्रोजनच्या मापपट्टीवरचा तुमचा शून्य. हे मोजमापाआधी करा, नंतरही करा. दोन आकड्यांत काही मिलिव्होल्टपेक्षा जास्त फरक पडला तर त्या दिवसाचा डेटा बाजूला ठेवा. शक्य असेल तर त्याच आम्लाने भरलेला वेगळा ब्रिज (रेफरन्स इलेक्ट्रोड आणि सेल यांना जोडणारी नळी) वापरा.

1600 आरपीएमला लिमिटिंग करंट (ऑक्सिजन पोहोचण्याच्या वेगावर अडलेला कमाल करंट) 6 मिलिअँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरच्या जवळ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यावरून थर आणि ऑक्सिजन ठीक आहेत एवढंच कळतं. सगळा वक्र सरकलेला असला तरी तो सपाट भाग तसाच देखणा दिसतो.

प्लॅटिनमविरहित कॅटॅलिस्ट असेल तर काउंटरला (सर्किट पूर्ण करणाऱ्या दुसऱ्या इलेक्ट्रोडला) प्लॅटिनमची तार नको, ग्रॅफाइटचा दांडा लावा. तार थोडी थोडी विरघळून तुमच्याच डिस्कवर बसते आणि सायकलिंगनंतर (पोटेन्शियल पुन्हा पुन्हा वरखाली केल्यावर) कॅटॅलिस्ट ‘सुधारला’ असं वाटू लागतं.