कॉलनीत माणसं येतात कुठून? स्पेस कॅम्पेनचे नियम बदलताना

स्पेस स्ट्रॅटेजी गेमची कॅम्पेन (अनेक बैठकींत चालणारा सलग डाव) आपल्या गटापुरती बदलून खेळायची असेल, तर लोकसंख्येच्या तक्त्याला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्या: तुमचा एक टर्न, म्हणजे खेळातली एक पाळी, किती काळाची? सांगलीत आमच्या गटाची कॅम्पेन मी चालवतो, नियमांची वहीही माझ्याकडेच असते. नियम बदलायचेत म्हणून कुणी नवीन माणूस आला, की माझा पहिला प्रश्न हाच.

वर्षाला २ टक्के वाढ ही खऱ्या जगात चांगलीच वेगवान. तरी त्या वेगाने लोकसंख्या दुप्पट व्हायला ३५ वर्षं लागतात. १० हजार वस्तीच्या कॉलनीत, म्हणजे ग्रहावरच्या वसाहतीत, वर्षभरात भर पडते २०० माणसांची. एवढी माणसं तर एक कॉलनी शिप एका खेपेत उतरवते. गेम बनवणारे वाढीचा दर फुगवतात तो यामुळेच. १९९५ च्या ‘स्टार्स!’ या गेममध्ये अनुकूल ग्रहावर वर्षाला १५ टक्के वाढ नेहमीची, म्हणजे पाचेक वर्षांत दुप्पट. तिथे टर्न वर्षाचा आहे म्हणून ते निभतं. तोच आकडा उचलून महिन्याच्या टर्नला लावा, वर्षाअखेरीस कॉलनी पाचपट झालेली दिसेल आणि मग जहाजं बांधायची गरजच कुणाला वाटणार नाही.

दुसरी गोष्ट ग्रहाच्या क्षमतेची, म्हणजे तिथे किती माणसं मावतात याची. फेरहुल्स्ट या बेल्जियन गणितज्ञाने १८३८ मध्ये मांडलेलं सूत्र बहुतेक गेम कुठल्या ना कुठल्या रूपात वापरतात: ग्रह भरत जाईल तसा वाढीचा वेग मंदावतो. क्षमता १००० आणि दर १० टक्के धरा. वस्ती १०० असताना टर्नला ९ ची भर पडते, ५०० असताना २५ ची, आणि ९०० झाली की पुन्हा ९ ची. टेबलावर दरवेळी हे गणित करू नका. पाव भागापर्यंत, पाव ते पाऊण आणि पाऊणच्या वर असे तीन टप्पे करून प्रत्येकाला एक ठरावीक आकडा द्या, खेळ अडत नाही.

मात्र या सूत्रातली पळवाट हुशार खेळाडू लगेच हेरतो. तो प्रत्येक ग्रह अर्धाच भरलेला ठेवतो आणि वरची माणसं दर टर्नला उचलून पुढच्या ग्रहावर नेऊन टाकतो. गणित बरोबर, पण माणसं अशी हलत नाहीत. आमच्या नियमांत खरा बदल केला तो इथेच.

त्यासाठी आपल्याच भागाकडे बघितलं. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. सांगली जिल्ह्याची सुमारे ९ टक्क्यांनी, साताऱ्याची जेमतेम ७ टक्क्यांनी. यात घटत्या जन्मदराचा वाटा आहेच, पण मुंबई-पुण्याची वाट धरलेल्यांचाही आहे. आणि विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईवाली मंडळी बघा. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, म्हणून माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पांगली. एकाने परमुलखात जाऊन दुकान टाकायचं, मग भाच्याला बोलवायचं, भाच्याने गावातल्या आणखी कुणाला. पहिल्याला जाणं अवघड होतं. मागून जाणाऱ्याला निदान उतरायला घर आणि शिकायला काम तयार होतं.

हेच नियमात आणलं. प्रत्येक कॉलनीपुढे ‘मूळ ग्रह’ असा एक रकाना वाढवला. एखाद्या ग्रहावरून दुसरीकडे जाणारी पहिली खेप पूर्ण खर्चाची. तिथे १० युनिट वस्ती झाली, की त्याच मूळ ग्रहावरून येणाऱ्यांचा खर्च निम्मा. वस्ती ३० झाली आणि कामं रिकामी असली, तर दर टर्नला एक युनिट आपणहून येतं, खेळाडूने जहाज पाठवो न पाठवो. ‘ऑरोरा ४एक्स’ या संगणकावरच्या स्पेस गेममध्ये खासगी जहाज कंपन्या स्वतःहून वसाहतकऱ्यांची ने-आण करतात, त्याच वळणाचा पण कागदावर पेलवेल एवढा हा नियम आहे. नव्या कॉलनीच्या कमाईतला एक हिस्सा पहिली काही वर्षं मूळ ग्रहाला जातो. गावाकडे पैसे पाठवणाऱ्या घरांत वाढलेल्या खेळाडूंना हे कलम समजावून सांगावं लागलं नाही. जन्माची वाढ आम्ही वर्षातून एकदाच मोजतो.

याने खेळाचा रंग पालटला. पहिली खेप कुठून कुठे पाठवायची यावर आता खूप विचार होतो, कारण तो निर्णय पुढची कितीतरी वर्षं पाठीशी राहतो. दिसेल त्या ग्रहावर झेंडा रोवणं थांबलं.

सक्तीच्या स्थलांतराचं कलम मात्र वेगळं ठेवा, आणि कडक ठेवा. कोयना धरणात गावं गेली त्या माणसांच्या पुनर्वसनाचे प्रश्न साठ वर्षांनीही आंदोलनात उभे आहेत. आमच्या गटात साताऱ्याकडचे खेळाडू आहेत. ग्रह रिकामा करणं त्यांच्या लेखी आकड्यांची खाडाखोड नाही, आणि माझ्याही नाही. म्हणून सक्तीने हलवलेली वस्ती दहा वर्षं निम्मंच उत्पादन देते, तिची ‘ओढ’ (मागून येणाऱ्यांचा खर्च निम्मा होणं, माणसं आपणहून येणं) मोजली जात नाही, आणि तिच्या मूळ ग्रहावरून कुणी आपणहून हलवणाऱ्या खेळाडूच्या साम्राज्यातल्या नव्या कॉलनीत जात नाही. ही शिक्षा जास्त आहे अशी तक्रार येते. मी ती कमी करत नाही.

चालू कॅम्पेनमध्ये हे आणणार असाल तर वर्षाच्या पहिल्या टर्नपासून आणा, आणि त्याआधीच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा. जुन्या कॉलन्यांचा मूळ ग्रह कोणता हे खेळाडूंनाच ठरवू द्या. जहाजांच्या किमती आणि ग्रहांची क्षमता त्या वर्षभर अजिबात बदलू नका, नाहीतर कशाने काय झालं हे कुणालाच सांगता येणार नाही.