परसातल्या कोंबड्यांसाठी आंबवलेले खाद्य

सांगली-सातारा जिल्ह्यांतील जत, आटपाडी, माण, खटाव या कोरडवाहू तालुक्यांत शाळू (रब्बी ज्वारी) आणि बाजरी, तर कऱ्हाड-वाळव्याच्या बागायती पट्ट्यात मका, असे घरचे धान्य परसातल्या कोंबड्यांपुढे सहसा कोरडेच टाकले जाते. हेच धान्य भरडून दोन-तीन दिवस पाण्यात आंबवले, तर त्यातील खनिजे बांधून ठेवणारे फायटिक आम्ल बऱ्याच अंशी विघटित होऊन फॉस्फरस, जस्त, लोह यांसारखी खनिजे कोंबडीच्या अंगी अधिक लागतात आणि भरड्याची जी पूड एरवी वाऱ्यावर उडते किंवा मातीत मिसळते, तीही खाण्यात जाते.

दहा मोठ्या कोंबड्यांना दिवसाला एक ते सव्वा किलो कोरडे खाद्य लागते. त्यापैकी सकाळचा अर्धा वाटाच आंबवलेला द्यावा आणि उरलेला नेहमीच्या लेअर खाद्याचा (अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्याचा) असावा, असे माझे मत आहे. भांडे प्लॅस्टिकचे, काचेचे किंवा चिनीमातीचे घ्यावे. आंबवणातील आम्ल ॲल्युमिनियम, तांबे आणि जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर परिणाम करते. नळाच्या पाण्यात क्लोरिन असल्यास ते उघड्या बादलीत रात्रभर ठेवून मग वापरावे. अर्धा किलो भरड्यात साधारण पाऊण लिटर पाणी घालावे व चमचाभर ताजे, बिनमिठाचे ताक विरजण म्हणून टाकावे. धान्य फुगून पाणी शोषते, म्हणून सकाळ-संध्याकाळ ढवळताना पाणी कमी वाटल्यास पुन्हा घालावे. भरडा सतत पाण्याखाली राहणे हीच या कृतीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पाण्याखाली, हवेशिवायही वाढतात, तर बुरशीला हवा लागते आणि वर उघडा पडलेला भरडा तिला आयताच मिळतो. तोंडाला स्वच्छ फडके बांधावे; घट्ट झाकण लावल्यास आत तयार होणारा वायू अडकतो.

एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात सांगलीकडे दीड दिवसातच आंबवण तयार होते, तर डिसेंबर-जानेवारीत वाई किंवा महाबळेश्वरच्या थंडीत त्याला चार दिवसही लागू शकतात. म्हणून दिवस मोजण्यापेक्षा वासावर विश्वास ठेवावा. आंबिलीसारखा आंबट, स्वच्छ वास आणि वर येणारे बारीक बुडबुडे ही तयार झाल्याची खूण आहे. पृष्ठभागावर सपाट पांढरी साय आली तर ती बहुधा यीस्टची असते व काढून टाकता येते. परंतु हिरवी, काळी, गुलाबी किंवा लव असलेली बुरशी दिसली अथवा कुजका वास आला, तर भांड्यातले सगळे आंबवण कोंबड्या उकरणार नाहीत अशा जागी खड्ड्यात पुरावे. वरची बुरशी काढून उरलेले देण्याचा मोह टाळावा.

तयार आंबवण गाळून, ओलसर पण मोकळे करून घमेल्यात द्यावे. गाळलेले वाटीभर पाणी पुढच्या खेपेला विरजण म्हणून ठेवावे. पहिल्या आठवड्यात कोरड्या खाद्यात थोडे थोडे मिसळून सवय लावावी आणि उन्हाळ्यात दोन तासांत न संपलेले काढून घमेले धुवावे. पिण्याचे स्वच्छ पाणी वेगळे असलेच पाहिजे.

आंबवल्याने प्रथिने मात्र वाढत नाहीत. शाळू, मका, बाजरीत ती साधारण ९ ते १२ टक्के असतात आणि अंड्यावरच्या कोंबडीला १६ टक्क्यांच्या आसपास लागतात. म्हणून तीन भाग धान्याला एक भाग सोया पेंड, दोन्ही कोरड्या वजनाने मोजून, द्यावी. ती आंबवणात न घालता देतेवेळी मिसळणे मला अधिक सुरक्षित वाटते. घरचे कच्चे सोयाबीन न भाजता मुळीच देऊ नये, कारण त्यातील प्रथिनांचे पचन रोखणारे घटक निष्प्रभ करायला उष्णताच लागते. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा कोरडा, वेगळ्या वाटीत ठेवावा. तो आंबवणात मिसळला तर आम्लाचा जोर कमी होतो.

पाटण, जावळीच्या पावसात धान्याला आणि शेंगपेंडीला बुरशी लवकर धरते आणि तिच्यातून अफलाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होऊ शकते. आंबवून ते खात्रीने नाहीसे होत नाही. त्यामुळे काळे पडलेले, खवट किंवा गोळे झालेले धान्य आणि पेंड भिजत घालण्यापूर्वीच बाजूला काढावी, आणि पावसाळ्यात पंधरा दिवसांपुरताच साठा जमिनीपासून उंच, कोरड्या पिंपात ठेवावा.