परदेशात जुन्या गाड्यांची म्युझियम बघायला जाताय? या चुका टाळा (आम्ही सगळ्या करून बसलोय)

आमचे अण्णा पद्मिनीवाले. २२ वर्षं एकच गाडी, रविवारी सकाळी बनियनवर तिचं बॉनेट उघडून उभे, त्यामुळे युरोपला जायचं ठरल्यावर त्यांची एकच अट होती, आयफेल टॉवर दाखवला नाही तरी चालेल पण जुन्या गाड्या दाखवा. प्लॅनिंग माझं. म्हणजे खाली ज्या चुका आहेत त्यापण माझ्याच, म्युझियमवाल्यांचा त्यात काही दोष नाही.

सोमवार

सगळ्यात बेसिक चूक आणि तीच सगळ्यात महाग पडते. आम्ही रविवारी रात्री स्टुटगार्टला पोचलो, सोमवारी सकाळी आंघोळी उरकून तयार, आणि मर्सिडीज बंद, पोर्शे पण बंद. दोन्ही म्युझियम सोमवारी बंद असतात, म्युनिकचं बीएमडब्ल्यू म्युझियम पण (समोरचं बीएमडब्ल्यू वेल्ट सोमवारी उघडं असतं आणि फुकट आहे, पण तिथे जास्त करून नव्या गाड्या). हॉटेल बुक करायच्या आधी कॅलेंडर बघा, नंतर बघून काही उपयोग नसतो.

सोमवारी अडकलातच तर उपाय आहे, सिन्सहाइम. स्टुटगार्ट आणि हायडेलबर्गच्या मधे आहे आणि तिथलं टेक्निक म्युझियम वर्षाचे ३६५ दिवस उघडं असतं. गाड्या तर आहेतच, पण छपरावर काँकॉर्ड आणि रशियन टुपोलेव्ह १४४ अशी दोन्ही सुपरसॉनिक विमानं शेजारी शेजारी ठेवलीयेत आणि दोन्हीच्या आत जाता येतं. विमानं नाक वर करून तिरकी बसवलीयेत, त्यामुळे आत चढण आहे आणि तिथवर जायला जिने आहेत. घरातल्या कोणाचे गुडघे दुखत असतील तर आधी विमानं उरका आणि मग निवांत गाड्या बघा. आम्ही उलटं केलं, अण्णा अर्ध्या जिन्यात बसले आणि म्हणाले, "तू जा रे, मला खालूनच छान दिसतंय."

एका दिवसात दोन म्युझियम

नकाशावर मर्सिडीज आणि पोर्शे एकाच गावात दिसतात म्हणून आपण सकाळी एक, दुपारी एक असं लिहून टाकतो. पण मर्सिडीजसाठी एस१ लोकलने नेकारपार्कला उतरायचं आणि पोर्शेसाठी एस६ ने नॉयविर्ट्सहाउसला, म्हणजे मधे परत सेंट्रलला यायचं, तिथे वर्षानुवर्षं खोदकाम चाललंय त्यामुळे चालणंच चालणं. दोन्ही म्युझियम ६ ला बंद होतात आणि तिकीट काउंटर त्याच्याही आधी.

आणि मर्सिडीजचं म्युझियम वरून खाली बघायचं असतं हे लक्षात ठेवा. लिफ्टने थेट सगळ्यात वर, तिथे दारातच घोडा उभा (गाडीच्या आधी काय होतं ते कळावं म्हणून), मग १८८६ ची बेंझची तीनचाकी, आणि मग गोल गोल उतरत खाली यायचं. लोक वरच्या दोन मजल्यांवर एवढे रमतात की तळाला ज्या चंदेरी रेसच्या गाड्या आहेत, ज्यांच्यासाठी खरं तर आलेले असतात, तिथे पोचेपर्यंत बंद व्हायची वेळ. आमचं तेच झालं. अण्णा त्या तीनचाकीपाशीच अर्धा तास. कारण त्यांना मी बर्था बेंझची गोष्ट सांगितली, १८८८ मधे ही बाई नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, शंभरेक किलोमीटर, रस्त्यात वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेक घासले तर मोच्याकडून चामडं ठोकून घेतलं. अण्णा म्हणे म्हणजे ब्रेक लायनरचा शोध मोच्याकडे लागला. मग ते तिथून हलेनातच.

बहुतेक मजल्यांवर दोन भाग आहेत, एक कंपनीच्या इतिहासाचा, दुसरा बस, ट्रक, फायर ब्रिगेड वगैरे. दोन्ही बघायचा हट्ट धरू नका. घड्याळ लावून शेवटचा एक तास तळासाठी ठेवा.

नावात घोळ

इटलीला जाणाऱ्यांनो, फेरारीची म्युझियम दोन आहेत, एक मारानेल्लोला आणि एक मोडेनाला, मधे वीसेक किलोमीटर. तिकीट एकाचं काढून दुसऱ्याच्या दारात उभे राहणारे खूप. जपानमधे नागोयाला पण तेच, टोयोटाचं जुन्या गाड्यांचं म्युझियम नागाकुतेला आहे, आणि शहरात जे आहे त्यात अर्धे माग आणि कापडाची यंत्रं, कारण टोयोटाचं मूळच मागाच्या धंद्यात.

आमचा घोळ फ्रान्समधे मुलूझला झाला. आम्ही स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला राहून ट्रेनने गेलो, अर्ध्या तासाच्या आत पोचतो. टॅक्सीवाल्याला मी ऐटीत "सिते" एवढंच नीट म्हटलं, पुढचं गिळलं. तिथे सिते द लोटोमोबिल (गाड्यांचं) आहे आणि सिते द्यू त्रँ (रेल्वेचं) पण आहे. त्याने आम्हाला रेल्वे म्युझियमच्या दारात सोडलं. ट्राम नंबर १ ने गेलो असतो तर स्टॉपचंच नाव 'म्युझे द लोटो' आहे, शिंचा प्रश्नच नव्हता. तर नाव बोलू नका, फोनवर पूर्ण पत्ता लिहिलेला दाखवा.

पण आलोच आहोत म्हणून आत गेलो आणि तिथे बुगाटीची रेलकार! एत्तोरे बुगाटीने राजेमहाराजांसाठी रॉयाल नावाची गाडी काढली, १२.७ लिटरचं इंजिन, २५ करायच्या होत्या, मंदी आली, ६ च झाल्या आणि त्यातल्या ३ च गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. उरलेल्या इंजिनांचं काय करायचं, तर त्यांच्यावर रेल्वे पळवली. हे बघून मग गाड्यांच्या म्युझियमला गेलो तेव्हा रॉयाल बघायची मजा दुप्पट झाली. त्यामुळे ही एक चूक टाळा असं म्हणायला माझी जीभ रेटत नाहीये.

पाटी न वाचणं

मुलूझला तीन रॉयाल दिसतात. आम्ही तिन्हीपुढे सारख्याच भक्तिभावाने फोटो काढले आणि नंतर मुलाने पाटी वाचली तर एक रेप्लिका. खऱ्या दोनच. बेंझच्या तीनचाकीचंही तसंच, रेप्लिका ठिकठिकाणी आहेत, १८८६ ची अस्सल म्युनिकच्या डॉइचेस म्युझियमकडे आहे. रेप्लिका वाईट नसते हो, पण पाटी आधी वाचा आणि मग भारावून जा. पाटी जर्मन किंवा फ्रेंचमधेच असेल तर फोनचा कॅमेरा ट्रान्सलेटवर धरा, आणि त्यासाठी भाषा आधीच डाउनलोड करून ठेवा.

रॉयालच्या रेडिएटरवर चांदीचा हत्ती आहे, मागच्या दोन पायांवर उभा, सोंड वर. एत्तोरेच्या भावाने, रेम्ब्रांट बुगाटीने केलेल्या शिल्पावरून घेतलेला. आपण डॅशबोर्डवर गणपती ठेवतो, यांनी पुढेच बसवला. खाली वाकून बघा, लोक गाडीची लांबी बघतात आणि हत्ती राहतो.

म्युझियमची गोष्ट माहीत नसणं

मुलूझचं म्युझियम म्हणजे मुळात गिरणी. श्लुम्फ बंधू, लोकरीच्या सूतगिरण्यांचे मालक, त्यातल्या फ्रिट्झला बुगाटीचं वेड, शेकडो गाड्या गुपचूप घेऊन गिरणीत लपवल्या. आत दिव्याचे खांब पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावरचे हुबेहूब. मग धंदा बसला, कामगारांवर गदा आली, १९७७ मधे संपावरचे कामगार आत घुसले तर समोर हा खजिना! त्यांनी दोन वर्षं तिथे ठाण मांडलं, मालक बाझेलला पळालेले. म्युझियम लोकांना खुलं झालं १९८२ मधे. ज्या वर्षी आपल्या गिरणगावात संप सुरू झाला तेच साल. अण्णांचे थोरले भाऊ लालबागला गिरणीत होते, ते तिथे बराच वेळ काही बोललेच नाहीत. आपल्याकडे गिरण्यांचे मॉल झाले.

नेदरलँड्समधे हेगला गेलात तर लाउमन म्युझियममधे हंसाच्या आकाराची गाडी आहे, १९१० ची, कलकत्त्याच्या एका ब्रिटिश साहेबाने बनवून घेतलेली आणि मग नाभाच्या महाराजांकडे गेलेली. चोचीतून गरम पाण्याचा फवारा मारायची. आमची राहिली, कारण मला हे परत आल्यावर कळलं.

बाकी फुटकळ

बऱ्याच ठिकाणी लॉकरला १ किंवा २ युरोचं नाणं लागतं, आमच्या खिशात सगळे स्विस फ्रँक. चिवड्याची पुडी बॅगेत राहू द्या, हॉलमधे उघडू नका. गाडीला हात लावायचा नाही, दार उघडून बसायचं तर नाहीच, लहान पोरांपेक्षा हे मोठ्यांना जास्त सांगावं लागतं. फ्लॅश बंद ठेवा, चकचकीत पेंटवर तुमचाच फोटो येतो. फोनच्या वाइड लेन्सने जवळून काढलं की गाडीचं नाक बटाट्यासारखं दिसतं, दोन पावलं मागे या आणि साध्या लेन्सने काढा.

आणि दुकान शेवटासाठी ठेवू नका, हॉल बंद व्हायची वेळ झाली की तिथेही गर्दी होते आणि घाईत भलतंच घेतलं जातं. मॉडेलची गाडी घेतलीत तर खोक्यासकट हँडबॅगेत आणा. मी जागा वाचवायला खोकं फेकून गाडी मोज्यात गुंडाळून मोठ्या बॅगेत टाकली, तिचा डावा आरसा अजून अस्तरात कुठेतरी आहे.