सोलर ड्रायरवर उद्योग उभारताय? या चुका टाळा

सोलर ड्रायर म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर भाज्या वाळवणारी पेटी. तिच्यावर उद्योग उभारताना होणारी पहिली चूक हिशेबातली, आणि सर्वांत महागात पडणारीही तीच. ताज्या टोमॅटोत सुमारे ९४ टक्के पाणी असते. १० किलो टोमॅटो १० टक्के ओलाव्यापर्यंत वाळवले की हाती जेमतेम ६७० ग्रॅम माल येतो; देठ आणि सडके भाग काढल्यावर त्याहूनही कमी. म्हणजे एक किलो सुक्या मालासाठी किमान १५ किलो टोमॅटो घ्यावे लागतात. त्यात मजुरी, पॅकिंग आणि कर्जाचा हप्ता मिळवून निघणाऱ्या भावाला गिऱ्हाईक आहे का, हे थोडा माल विकून पाहा. ड्रायरची ऑर्डर त्यानंतर द्या. ढगाळ आणि पावसाळी दिवस कामाच्या दिवसांतून वजा करा. हप्ता त्या दिवसांतही भरावाच लागतो.

माल लवकर वाळावा म्हणून सुरुवातीलाच तापमान खूप चढवले, की चकतीचा वरचा थर कडक होतो आणि आतले पाणी अडकून पडते. बाहेरून कोरडा दिसणारा असा माल पुढे पाकिटात बुरशी धरतो. भाज्यांसाठी ५० ते ६० अंश सेल्सिअस पुरे. थर्मामीटर ट्रेच्या पातळीवर, पण सावलीत लावा. थेट ऊन पडले तर आकडा चुकीचा येतो.

ड्रायरच्या काचेवर आतून थेंब जमत असतील तर दमट हवा बाहेर पडत नाहीये. वरची झडप उघडा, हवा आत येण्याच्या जाळीवरची धूळ झाडा, ट्रेमध्ये एकच थर ठेवा. चकत्या ४-५ मिलिमीटरच्या आणि सारख्या कापा. जाडी कमीजास्त असेल तर अर्धा माल करपतो, अर्धा ओला राहतो.

पालेभाजीचा रंग उडत असेल तर तिच्यावर थेट ऊन पडू देऊ नका.

माल वाळला की नाही, हे हाताला लागणाऱ्या कुरकुरीतपणावर ठरवू नका. एका ट्रेचे वजन तासाभराच्या अंतराने दोनदा करा. घट थांबली की काढा. पूर्ण थंड होऊ द्या, कारण गरम माल भरला तर पाकिटातच वाफ धरते. मग काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरून आठवडाभर ठेवा आणि रोज हलवा. काचेला ओल दिसली तर तो घाणा पुन्हा ड्रायरमध्ये घाला. बुरशी दिसली तर सगळा फेकून द्या.