सोलापुरात नवीन आलात? दात कोरायच्या काड्यांबद्दल थोडं

चिपळूण सोडून सोलापुरात आले त्याला आता 19 वर्षं झाली. नवं घर लावताना गॅस, पाण्याची पिंपं, कूलर हे आठवणीनं येतं, पण काड्यांची डबी राहूनच जाते. इथं ती लागतेच. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी शेंगा चटणी आणि कडक भाकरी वाढेल, कुणी शीक म्हणजे सळीवर भाजलेलं मटण खायला नेईल, आणि जेवण झालं की जीभ दाढेशीच घुटमळत राहील.

दुकानात नुसतं 'काड्या द्या' म्हणालात तर काडेपेटी हातात पडते. 'टूथपिक' म्हणा, नाहीतर सरळ 'दात कोरायच्या काड्या'. मधला मारुती, टिळक चौकाच्या बाजूला पत्रावळी, द्रोण, कागदी कप विकणारी दुकानं आहेत, तिथं बघा. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलणारे कितीतरी दुकानदार इथं गिऱ्हाइकाशी मराठीतच बोलतात. 'अण्णा, एक काडी बघू का?' म्हटलं की काढून देतात.

ती काडी हातात घेऊन हळूच वाकवा. चांगली बांबूची काडी आधी वाकते, मग मोडते, आणि मोडली तरी तिचे धागे एकमेकांना धरून राहतात. हलकी काडी कट्‌कन तुटते किंवा उभी चिरते. मग तिच्यावरून बोट फिरवा. बोटाला कुसळ लागलं तर ते हिरडीतही जाणार. वास घ्या, कुबट असेल तर पाकीट परत ठेवा. पुदिन्याच्या वासाच्या काड्या जेवणानंतर ठीक आहेत, पण स्वयंपाकासाठी साध्याच घ्या. तो वास केकला लागतो.

स्वयंपाकघरात माझी काडी सगळ्यात जास्त चालते ती केक आणि ढोकळ्याला. मधोमध खुपसायची, कोरडी निघाली की झालं. भरलेली ढोबळी मिरची किंवा पनीरचा रोल बांधायचा असेल तर काड्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यात भिजवा, म्हणजे तव्यावर करपत नाहीत. आणि खोचताना मोजा. आमच्याकडे एका वाढदिवसाला एका रोलमध्ये काडी राहून गेली आणि पाहुण्यांच्या लेकराच्या टाळूला टोचली. ते लगेच थुंकलं म्हणून निभावलं. काडी गिळली गेली तर आतड्याला भोक पडू शकतं, हे मला डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं. त्या दिवसापासून जितक्या खोचल्या तितक्या ताटलीत परत मोजल्याशिवाय मी मुलांना वाढत नाही.

मिक्सरच्या झाकणाच्या रबराखालचा मळ काडीनं छान निघतो. पण कुकरच्या शिट्टीच्या नळीत किंवा गॅसच्या बर्नरच्या भोकात काडी घालू नका. टोक आत मोडलं तर वाफेची किंवा गॅसची वाट बंद होते.

आणखी एक उपयोग इथल्या उन्हाळ्यातला. पारा 42-43 वर गेला की लाकडी दारं सुकून आकसतात आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. स्क्रू काढा, भोकात फेविकॉल सोडा, दोन-तीन काड्या दाबून बसवा, बाहेर राहिलेला भाग मोडून टाका, रात्रभर वाळू द्या. सकाळी तोच स्क्रू घट्ट बसतो. आमच्या न्हाणीघराचं दार असंच टिकलं आहे.

दातांसाठी मात्र आधी खळखळून चूळ भरा, निम्मं काम तिथंच होतं. मग काडी आडवी, हलक्या हातानं, हिरडीत न रुतवता. रोज एकाच जागी घास अडकत असेल तर ती जागा दातांच्या डॉक्टरांना दाखवा, कीड असू शकते. वापरलेली काडी मोडून कागदात गुंडाळून टाका, घंटागाडीवर कचरा वेगळा करणाऱ्यांच्या हाताला ती टोचते.