हंगामात आलेलं पोर वर्गात रुजवताना

दिवाळी सरली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूरकडच्या करवीर, कागल, शिरोळच्या शिवारात उतरतात आणि वर्गाच्या दारात एखादं नवीन पोर येऊन उभं राहतं. हातात फार तर शिक्षण हमी कार्ड (गाव सोडून जाणाऱ्या पोराच्या शिक्षणाची नोंद असलेलं), दाखला नाहीच. त्यापायी त्याला माघारी धाडू नका. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. कागद मागनं येतात, माघारी गेलेलं पोर सहसा येत नाही.

पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं करून ओळख सांगायला लावू नका. नाव त्याच्याच तोंडून दोनदा ऐका आणि त्याच दिवशी हजेरीत पुकारा. पटावर यायला वेळ असेल तर तळाला पेन्सिलीनं लिहा. रोज सगळ्यांची नावं येतात आणि आपलं येत नाही, हे पोराला पहिल्याच आठवड्यात कळतं.

जागा दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, वाटेच्या कडेला. सोबतीला दोघं द्या, कारण एकटा सोबती गैरहजर राहिला की नवीन पोर उघडं पडतं. मॉनिटर शक्यतो नको, तो हुकूम सोडत बसतो. सोबत्यांना काम नेमकं सांगा: पाण्याची टाकी, स्वच्छतागृह, ताट धुवायची जागा आणि कुठली घंटा कशाची. आठवड्यानं जोडी बदला.

भाषेवरून चिडवाचिडवी हमखास होते. आपल्याकडच्या पोरी ‘मी जातो’ म्हणतात, बीडची पोरगी ‘मी जाते’ म्हणते, आणि दोन्हीकडून खी-खी सुरू होतं. दटावून ते थांबत नाही, वर्गाबाहेर जातं. त्यापेक्षा फळ्यावर दोन रकाने पाडा, इकडचे शब्द आणि तिकडचे. इकडच्या पोरांना तिकडचा एखादा शब्द माहीत नसला की नवीन पोर पाच मिनिटं गुरुजी होतं.

खरी पारख मात्र खिचडीच्या पंगतीत होते. हजेरी क्रमांकानं बसवलं तर नवीन पोर कायम शेवटी. मोकळं सोडलं तर कोण कुणाच्या ताटाशेजारी बसत नाही ते दिसतं, आणि त्यामागं घरचं शिकवणं असतं हे आपल्यालाही ठाऊक असतं. दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. स्वतःही पंगतीत बसा, रोज वेगळ्या ठिकाणी.

सलग दहा शाळा-दिवस त्या पोराशी दोन मिनिटं बोला. अभ्यासाचं नाही, बैलांची नावं, कोपी (राहायची झोपडी) कुठं टाकली, धाकटं कोण सांभाळतं. या शेवटच्या प्रश्नात निम्म्या गैरहजेरीचं उत्तर असतं. आईबाप पहाटेच फडात जातात आणि लहानग्याला राखायला हेच मागं उरतं. अशा वेळी पालकांना बोल लावून उपयोग नाही, धाकट्याची अंगणवाडीत सोय लावून द्या. सलग दोन दिवस दिसलं नाही तर फोन करा, तिसऱ्या दिवशी कोपीवर जा. फोन बहुतेक मुकादमाकडं लागतो, म्हणून निरोपावर विसंबू नका.

महिन्यानं प्रत्येकाला ‘कुणाशेजारी बसायला आवडेल’ अशी तीन नावं चिठ्ठीवर लिहायला सांगा. एकाही चिठ्ठीत नसलेलं नाव तुमच्या वहीत टिपा आणि चिठ्ठ्या फाडून टाका. वर्गात ‘याच्याशी मैत्री करा’ म्हणालात तर संपलंच. त्याऐवजी त्याला दोघा-तिघांबरोबर करायचं काम द्या: झाडांना पाणी, नाहीतर फळ्यावर सुविचार.

पोर काही सांगू लागलं तर ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा. मदतीला १०९८ आहे. खोदून विचारू नका. त्याचेच शब्द तारीख-वेळ घालून लिहा, आणि संशय घरातल्यावर असेल तर आधी घरी फोन करू नका.

हमी कार्डावरची प्रगतीची नोंद फेब्रुवारीतच भरून ठेवा. कारखान्याचा पट्टा कधी पडेल, म्हणजे हंगाम कधी संपेल, याचा नेम नसतो आणि टोळीचा ट्रॅक्टर शाळेला सांगून निघत नाही.